अण्णांसाठी चपट्या तारा

जेल रोड, नाशिक रोड
१२ नोव्हेंबर २०२५

चि. पल्लवी,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागली आहे. अण्णांची साखर आटोक्यात आहे, भूकही बरी आहे. साधना आरोहीला घेऊन दिवाळीला माहेरी वणीला गेली, ती अजून तिकडेच आहे. येईल. पुण्यातलं तुझं वाद्यदुरुस्तीचं दुकान छान चाललंय असं ऐकतो.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं आणि मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून कागद घेतला. काम तुझ्याच धंद्यातलं आहे. तुझ्या त्या आखूड मानेच्या बेस गिटारला तारा घालायच्या आहेत. कुठल्या घालू?

हो, तुझीच गिटार. माळ्यावरून काढली. म्हणजे मी नाही, आरोहीने काढली, ऑगस्टमध्ये.

अण्णांचं तुला माहीत आहे, पण किती वाढलंय ते माहीत नाही. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली हेच ते विसरलेत. रोज दुपारी दोन वाजत आले की बूट घालतात, डबा मागतात आणि दाराशी उभे राहतात. "दुसरी पाळी आहे, टर्बाइनवर कोणी नाही, सोडा मला." समजावलं की चिडतात. दारावर लाथा मारतात. एकदा तर पार एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या रस्त्याला लागले होते, एका रिक्षावाल्याने ओळखून परत आणलं. अशाच एका दुपारी आरोहीने खेळता खेळता गिटार त्या छोट्या स्पीकरला जोडली आणि सगळ्यात जाड तार नुसती वाजवत बसली. अण्णा दारातून मागे फिरले. खुर्चीत बसले. म्हणाले, "लागलं मशीन."

तेव्हापासून रोज दोन वाजता मी वाजवतो. वाजवतो म्हणजे काय, एक जाड तार, फार तर दोन, एका लयीत. मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलो. तू हसशील. पण ते तास-दीड तास शांत बसतात. घरातला तेवढाच वेळ शांत.

अडचण अशी की तारा तुझ्या वेळच्याच आहेत, गंजलेल्या. बोट सरकलं की 'चिर्रर्र' असा आवाज येतो. तो आला की अण्णा ताडकन उठतात. "बेअरिंग गेलं! बंद कर, बंद कर!" मग संध्याकाळपर्यंत काही खरं नसतं.

गावातल्या एका दुकानात विचारलं. तो म्हणाला, गोल तारेचा वेढा असला की बोट घासून आवाज येतो. चपट्या पट्टीचा वेढा असलेल्या तारा घ्या, फ्लॅटवाउंड म्हणतात त्यांना, बोट तेलावरून गेल्यासारखं जातं. म्हणून एक संच आणला. तो निघाला लांब मानेच्या गिटारचा. मी पक्कडीने एक तार कापली, तर तिची पट्टी शेवटपर्यंत उलगडत गेली, लिंबाच्या सालीसारखी. बाकीच्या तशाच ठेवल्यात.

तर कुठल्या घेऊ ते कळव. तुझ्या वस्तूला न विचारता हात लावला. त्या जुन्या गोष्टीत आत्ता शिरत नाही.

तुझा,
योगेशदादा

*

जेल रोड
२३ नोव्हेंबर २०२५

चि. पल्लवी,
आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. दुकानाच्या बिलाच्या मागच्या बाजूला का होईना, लिहिलंस. तीन वेळा वाचलं.

मोजमाप घेतलं. तारेच्या टोकाची पितळी गोळी ते मानेवरची खाचांची पट्टी, साडेएकतीस इंच. हे मोजताना काय झालं ते सांगतो. साधनाच्या शिलाईची टेप घेतली आणि एक टोक धरायला अण्णांना दिलं. त्यांनी टेपकडे पाहिलं आणि मला झापलं.

"शून्यावर धरतोस? टोक झिजलेलं असतं. एक इंचावर धर, मग एक वजा कर."

तसं धरलं. साडेबत्तीस आलं.

"किती?"

"साडेएकतीस."

"हां. लिहून ठेव. डोक्यात ठेवू नको." 

पल्लवी, ते पूर्वीचे अण्णा होते. अगदी तेच. मी टेप गुंडाळून येईपर्यंत मला विचारत होते, "तुम्ही कोणत्या सेक्शनचे?"

तू दोन पर्याय दिलेस. काळ्या नायलॉनचं वेष्टण असलेल्या मऊ तारा, नाहीतर पोलादाच्या चपट्या. नायलॉनच्या जाड असतात, खाचा कानशीने रुंद कराव्या लागतील असं लिहिलंस. मी कानस चालवली तर तुझी गिटार कायमची जाईल. पोलादाच्याच पाठव. आणि मान आखूड असली की ताण कमी पडतो, बारीक संच घेतला तर जाड तार लोंबते, आवाज फडफडतो, हे तू लिहिलंस ते पटलं. आत्ता तसंच होतंय. मधल्या जाडीच्याच दे. माझ्या बोटांना घट्टे पडलेत, ताणाची काळजी करू नकोस.

तू पुढे लिहिलंस, 'एकदा घातल्या की दहा-पंधरा वर्षं बघायला नको, जुन्या होतील तशा छान होतात.' हे तू चांगल्यासाठीच लिहिलंस. पण मी बोटांवर हिशोब केला. दहा वर्षं. मी तेव्हा चोपन्न वर्षांचा असेन. याच खुर्चीसमोर, दुपारी दोन वाजता.

हे लिहायचं नव्हतं. खोडत नाही आता.

शेवटी तू विचारलंस, 'साधनावहिनी माझा फोन का उचलत नाहीत, दिवाळीची सुट्टी संपून किती दिवस झाले?' संपली. आरोहीचं नाव तात्पुरतं वणीच्या शाळेत घातलंय. साधना भांडून गेली नाही. तिने शांतपणे दोन बॅगा भरल्या, अण्णांच्या गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे लावून ठेवले आणि म्हणाली, "एक तर माणूस ठेवा, नाहीतर पल्लवीताईंना बोलवा. तुम्ही दोन्ही करणार नाही. तुम्हाला हे एकट्यानेच करून दाखवायचंय. कोणाला दाखवायचंय तेवढं मला समजत नाही."

मला समजतं. ऑगस्टपासून मी बिनपगारी रजेवर आहे. कारखान्यातून आता फोनही येत नाहीत.

तुला हे कळवलं नव्हतं, कारण गेल्या वर्षी तू म्हणाली होतीस की आपण अण्णांसाठी अशा रुग्णांना सांभाळणारं चांगलं केंद्र बघू. आणि मी म्हणालो होतो, 'घर सोडून गेलेल्यांनी सल्ले देऊ नयेत.' माझ्या लक्षात आहे.

तारांची वाट पाहतो.

योगेश

*

जेल रोड
७ डिसेंबर २०२५

प्रिय पल्लवी,

तारा मिळाल्या, घातल्या. तू सांगितल्याप्रमाणे आधी खुंटीपुढे दोन इंच सोडून काटकोनात वाकवल्या, मग कापल्या. एकही उलगडली नाही. जाड भाग खाचेच्या पुढे जेमतेम येतो आणि खुंटीवर फक्त बारीक शेपूट गुंडाळली जाते. माप बरोबर निघालं.

आवाज कसा सांगू? पहिले दोन दिवस थोडा चकचकीत होता, आता बसलाय. घोंगडीखालून आल्यासारखा. बोट वरपासून खालपर्यंत सरकवलं तरी काही नाही. अण्णांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आता बरोबर चाललंय." दोन तास बसले. मी वाजवायचं थांबलो तरी बसून राहिले.

पत्र इथेच संपवता आलं असतं. आभार मानून. पण गुरुवारी काय झालं ते तुला सांगायचंय. फोनवर सांगताना मी खोटं बोललो असतो.

मी अण्णांना घरात कोंडून बाहेर जातो. बाहेरून कडी आणि कुलूप. दूध आणायला, औषधं आणायला, दहा मिनिटं. ही गोष्ट मी साधनालाही नीट सांगितली नव्हती. गुरुवारी दोन वाजता वाजवायला बसलो. पावणेतीनला अण्णांना खुर्चीतच झोप लागली. मी गिटार ठेवली, चपला घातल्या, कुलूप लावलं. दूध होतं. औषधं होती. रिक्षाने स्टेशनवर गेलो आणि इगतपुरीचं तिकीट काढलं.

इगतपुरीत माझं काही काम नव्हतं. जी गाडी आधी होती ती तिथे जात होती, एवढंच. खिडकीत बसलो. वाटेत अण्णांचा विचार आला नाही, एकदाही आला नाही. इगतपुरीला उतरलो, गरम वडा घेतला आणि बाकावर बसलो. समोर घाट उतरून मुंबईला जाणारी गाडी लागली होती. त्या गाडीत बसायचं की नाही, एवढंच डोक्यात होतं. बसलो असतो. पाच मिनिटं अजून मिळाली असती तर मी बसलो असतो, पल्लवी.

फोन वाजला. शेजारच्या नवसाबाई.

"आरं योगेश, तुमचे अण्णा खिडकीत उभे हायेत. गज धरून. कुलूप हाय बाहेरून. किल्ली कुठंय?"

"माझ्याजवळ आहे, मावशी."

"तू कुठंय?"

"दुकानात."

"कोणत्या दुकानात? मागं गाडीची शिट्टी वाजतीया."

मग त्याच म्हणाल्या, "ये बाबा. मी बसते इथं. सावकाश ये, पन ये."

परतीची गाडी मिळून घरी पोचायला पावणेसात झाले. नवसाबाई खिडकीबाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या, गजांतून अण्णांचा हात धरून. दोन तास. कुलूप तोडायला माणसं जमवली असती तर बोभाटा झाला असता, म्हणून त्यांनी कोणाला बोलावलं नाही. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

अण्णांची पँट ओली होती. आतून दार उघडायच्या धडपडीत उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं उलटली होती. मी गरम पाण्याने पाय धुतले, बोटांना मलम लावलं. ते माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "तुझा रिलीव्हर आला नाही का?"

पाळी बदलताना पुढच्या माणसाला ते रिलीव्हर म्हणायचे, आठवतं? तो आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, मग सोळा तास होवोत.

मी म्हटलं, "नाही आला, अण्णा."

"फोन केलास?"

"नाही."

"मग त्याला कळणार कसं?" ते चिडले. "नुसतं बसून राहायचं नसतं. झोप लागली म्हणजे? माणसं मरतात अशाने. फोन लाव."

त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. कोणी नवीन पोरगा समजून दम देत होते. पण मी तिथेच, बादलीपाशी बसून रडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. म्हणाले, "साबण राहिलाय घोट्याला."

शुक्रवारी सकाळी साधनाला फोन करून सगळं सांगितलं, गाडीसकट. ती म्हणाली, "मला इतके दिवस वाटत होतं तुम्हाला काहीच होत नाही." लगेच येते म्हणाली नाही. आरोहीची परीक्षा झाली की बोलू म्हणाली. तेवढंच पुष्कळ आहे. नवसाबाईंच्या ओळखीचे केरू म्हणून एक गृहस्थ आहेत, दवाखान्यात वॉर्डबॉय होते. ते उद्यापासून सकाळी चार तास येतील. कुलपाची दुसरी किल्ली नवसाबाईंकडे दिली आहे.

आता ती जुनी गोष्ट. तुझी कॉलेजची स्पर्धा होती त्या दिवशी गिटार कपाटात बंद करून किल्ली मीच खिशात घातली होती. अण्णा रात्रपाळी करून झोपले होते. त्यांनी 'हे घरात नको' एवढंच म्हटलं होतं. कुलूप लावायला सांगितलं नव्हतं. तू दारापाशी उभी राहून दादा, दादा करत होतीस आणि मी चहा पीत बसलो होतो. महिन्याभराने तू पुण्याला गेलीस. आजवर सगळ्यांना मी सांगत आलो की ते अण्णांनी केलं. तूही तसंच समजत असशील. अण्णांवरचा राग धरून बसली असशील तर त्यातला माझा वाटा माझ्याकडे दे.

याबद्दल माफ कर असं म्हणत नाही, कारण त्याला लागूनच मी तुझ्याकडे काही मागणार आहे आणि तो सौदा वाटेल. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेव.

मागणं हे. वीस डिसेंबरपासून पंधरा दिवस तू इथे येऊन राहा. मी वणीला जाईन, झोपेन, आरोहीला भेटेन. मग परत येईन. त्यानंतर आपण दोघं मिळून ते केंद्र बघायला जाऊ. तू म्हणशील ते. अण्णा तुला ओळखणार नाहीत. 'कोणत्या सेक्शनच्या' म्हणून विचारतील. टर्बाइन सांग, लगेच बसायला जागा देतात. दुपारी दोनला वाजवावं लागेल. तुला माझ्यापेक्षा बरं येतं, पण फार चांगलं वाजवू नकोस, ते गोंधळतील.

मला हे एकट्याला जमत नाही. चव्वेचाळीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा लिहितोय.

ये. येणं जमणार नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी दुसरं काही बघेन. फक्त अंगठा पाठवू नकोस.

योगेश