साळुंकीच्या पिलानं अडवलेला रविवार

साखरा, ८ जुलै १९७४

सौ. द्वारकास,

मी खुशाल आहे. पण या रविवारीही कुरुंद्याला येणं होत नाही. शाळेच्या पत्र्यातून पडलेलं साळुंकीचं पिलू मीच खोलीवर आणलं. दर अर्ध्या तासाला चोच वासतं, अन् मी, हेडमास्तर, गवतात नाकतोडे धरून राहिलो!

घरमालकीण पद्माबाई म्हणाल्या, "मास्तर, किडं काहून चारता? दूधभात चारा." चारला, तर पिलू मलूल झालं. मग त्यांनीच मिरच्या ओवाळून त्याची दृष्ट काढली. धुरानं आम्ही तिघंही खोकलो. आईचा दमा कसा आहे?

आज पिलू मान उचलत नाही.

तू तीन लेकरं एकटीनं वाढवलीस, अन् मी सुट्टीत येऊन विचारायचो, "वाळली काहून?" पिलू जगलं तर त्याला उडवून येतो. तेव्हा बोलायचं ते बोल, ऐकून घेईन.

तुझा,
उत्तमराव