ड्रायव्हर बसवण्याच्या अकरा पद्धती

३ जून, सोमवार

ग्राफिक्स कार्ड आलं! आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या संशोधन विभागाचा (दोन खोल्या आणि एक पॅसेज) आज पुनर्जन्म झाला. खोका पक्कडभाऊंनी उघडला. हे आमचे इलेक्ट्रिशियन. खिशात कायम पक्कड, म्हणून हे नाव, अर्थात फक्त या वहीत. त्यांनी विचारलं, यावर गेम खेळणार का ताई? मी समजावलं की हे कार्ड एकाच वेळी हजारो गणितं करतं, आणि आता कॉम्प्युटर डोळ्यांच्या फोटोंवरून आजार ओळखायला शिकेल. ते म्हणाले, ते ठीक आहे, पण पंखे तीन कशाला?

अशा लोकांमध्ये राहून विज्ञान करायचं आहे.

कार्ड ट्रायलवर आहे. २० तारखेला ट्रस्टींसमोर डेमो. चालला तर कार्ड राहील आणि माझी तात्पुरती जागा कायम होईल. नाही चालला तर कार्ड परत आणि मीही परत. असं डॉक्टर मॅडम हसत म्हणाल्या. मीही हसले. सतरा दिवस आहेत, काम अर्ध्या तासाचं आहे.

४ जून, मंगळवार

मशीन चालवणाऱ्या लिनक्सला कार्डाशी बोलता यावं म्हणून ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम बसवावा लागतो. बसवला. मशीन रिस्टार्ट केलं. मशीन म्हणतं, ड्रायव्हर सापडत नाही.

किरकोळ आहे. उद्या सकाळी बघते.

संकल्प: इंटरनेटवरचा कुठलाही उपाय स्वतः समजल्याशिवाय करायचा नाही.

५ जून, बुधवार

इंटरनेटवरचे दोन उपाय केले. समजून घ्यायला वेळ नव्हता.

पद्धत दुसरी: कंपनीच्या साइटवरची फाइल. रिस्टार्ट. सापडत नाही.
पद्धत तिसरी: पहिली आणि दुसरी दोन्ही काढून पुन्हा पहिली. रिस्टार्ट. सापडत नाही.

फोरमवर प्रश्न टाकला. एकाने उत्तर दिलं, रिस्टार्टच्या वेळी स्क्रीनवर काय येतं ते बघ. काय हा सल्ला! म्हणजे गाडी बंद पडली की बॉनेटकडे बघत उभं राहायचं. मी सर्व्हरसमोर बसत नाही. सर्व्हर, म्हणजे कार्ड बसवलेलं मशीन, आतल्या थंड खोलीत, मी बाहेरच्या खोलीत, मधे नेटवर्क. जगभर असंच काम चालतं. मशीनच्या तोंडाकडे टक लावून बसण्यासाठी मी पदवी घेतलेली नाही.

६ जून, गुरुवार

आतल्या खोलीत फक्त मावशी बसतात. मावशींचं काम म्हणजे झाडू, चहा, फायलींचे गठ्ठे, आणि औषधांच्या बाटल्यांवर चिकटवायच्या पट्ट्यांवर दोन बोटांनी पेशंटची नावं टाइप करणं. टक्, टक्, टक्. एका आडनावाला अर्धा मिनिट. त्यांना म्हटलं होतं, दहा बोटांनी टायपिंग शिकवते. म्हणाल्या, नको ताई, बाकीच्या आठ बोटांना दुसरी कामं आहेत.

आज जेवताना त्या म्हणाल्या की मशीन बंद होऊन चालू होताना निळा पडदा येतो, काहीतरी विचारतो, आणि कुणी उत्तर दिलं नाही की निघून जातो. मी म्हटलं, तसं असतं. त्या म्हणाल्या, रोज विचारतोय बिचारा. मी म्हटलं, मावशी, मशीन बिचारं नसतं.

लोकांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणं किती कठीण आहे, हे पुस्तकात वाचलं होतं. आता डब्याशेजारी बसून बघते आहे.

८ जून, शनिवार

पद्धत चौथी: कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जुना घ्यायचा. जुना घेतला. आता वायफायही सापडत नाही.

दुपारी वायफाय सापडलं. हा मोठा विजय आहे. मॅडमना तसं कळवलं. त्यांनी विचारलं, वायफाय आधी नव्हतं का?

त्या डोळ्यांच्या उत्तम डॉक्टर आहेत. एवढंच म्हणते.

१० जून, सोमवार

पद्धत पाचवी. नाही.

बसवताना दर वेळी एक पानभर सूचना येते. ती मी एंटर मारून पुढे ढकलते. अशा सूचना वकील लिहितात, वाचायला नसतात.

आज स्टाफसाठी छोटं भाषण ठेवलं: 'सूचना वाचण्याची सवय'. कारण पक्कडभाऊंनी मॅन्युअल न बघता एसीची वायर जोडली आणि एसी चालू झाला. असं चालणार नाही, पद्धत महत्त्वाची. हजर: मावशी, पक्कडभाऊ, वॉचमन. वॉचमन झोपले. मावशींनी शेवटी प्रश्न विचारला: ताई, निळ्या पडद्यावरची सूचना पण वाचायची का? मी म्हटलं, विषयाला धरून बोला.

११ जून, मंगळवार, सकाळी

पद्धत सहावी. आज नक्की.

तोच दिवस, दुपारी

नक्की नव्हतं.

लॉग म्हणजे मशीनची डायरी. उघडून बघितली. दोन हजार ओळी. माझ्यापेक्षा जास्त तक्रारी. 'सही नसल्यामुळे नाकारलं' असं काहीतरी दहा-बारा वेळा लिहिलेलं. एवढं काही महत्त्वाचं असतं तर एकदाच ठळक लिहिलं असतं. बंद केली.

१३ जून, गुरुवार

माझं निदान निश्चित झालं: कार्डच सदोष आहे. मॅडमना सविस्तर मेल लिहिला. त्यांनी पक्कडभाऊंना विचारलं. पक्कडभाऊंनी कार्ड काढून हिशेबाच्या खोलीतल्या विंडोजच्या मशीनमध्ये घातलं. तिथे चाललं. परत आणून लावलं आणि मला म्हणाले, कार्ड शहाणं आहे ताई.

'कार्ड' या शब्दावर जोर देण्याची गरज नव्हती.

नंतर दारात उभे राहून म्हणाले की मावशी सांगतायत ते एकदा आत जाऊन बघा ना. मी म्हटलं, तुम्ही वायरींचं बघा, मी सॉफ्टवेअरचं बघते. श्रमविभागणी हा आधुनिक समाजाचा पाया आहे, हेही सांगितलं. ते म्हणाले, बरं. हे 'बरं' ते ज्या पद्धतीने म्हणतात ना, ते मला मुळीच आवडत नाही.

१४ जून, शुक्रवार

सातवी आणि आठवी. आठवीच्या आधी सगळं पुसून लिनक्स नव्याने घातलं. स्वच्छ सुरुवात. रिस्टार्ट. स्वच्छपणे सापडत नाही.

कार्डाशिवाय काम चालू ठेवलं आहे. चारशे फोटोंना सव्वा तास. मशीन एवढं तापलं की मावशींनी त्यावर ओले पट्ट्यांचे कागद वाळत घातले. मी ओरडले. त्या म्हणाल्या, तुमचं होईपर्यंत कुणाच्या तरी कामाला येऊ दे.

१६ जून, रविवार

घरी. बाबा पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारी दुरुस्त करतात. शिक्षण सातवी. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, त्यामुळे गल्लीत मला रस्त्यावरून नुसतं चालतासुद्धा येत नाही. प्रत्येक जण मोबाइल दाखवतो. बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलंय की २० तारखेला पोरगी पर्मनंट होणार. इस्त्रीवाल्या काकांनी अभिनंदनसुद्धा केलं. आईने माझी जुनी सॅक शेजारच्या मुलीला देऊन टाकली, कारण आता म्हणे तू नवीन घेशील.

बाबांनी विचारलं, मशीनचं काय झालं? मी कर्नल, मॉड्यूल, सगळं सोप्या भाषेत सांगितलं. ते पंख्याची वायर सोलत ऐकत होते. मग म्हणाले, चालू करताना आवाज कसा करतं? मी म्हटलं, बाबा, हे सॉफ्टवेअर आहे. ते म्हणाले, मग चालू करताना दिसतं कसं? मी म्हटलं, मी समोर नसते. त्यांनी सोलणं थांबवलं. म्हणाले, मोटार चालू करताना तू दुसऱ्या खोलीत बसतेस?

बाबांच्या पिढीचा हाच प्रॉब्लेम आहे. प्रत्येक गोष्टीला हात लावून बघायचं. अमूर्त विचार नाही. आई म्हणाली, अगं त्यांचं ऐक, त्यांनी मिक्सर दुरुस्त केला. मी म्हटलं, मिक्सर! आणि बोलणं संपवलं.

१८ जून, मंगळवार

नववी. दहावी. हात दुखतात.

खरं म्हणजे मला कधीकधी भीती वाटते. वही आहे, म्हणून लिहिते. भीती कार्डाची नाही. २१ तारखेला त्या गल्लीतून चालत जावं लागेल, याची.

संकल्प: वरची ओळ खोडून टाकायची. (पेन चालत नाहीये.)

१९ जून, बुधवार

अकरावी पद्धत सापडली! ती अशी सुंदर आहे की मला हसू आलं. इतके दिवस सगळं जग चुकत होतं. उद्या डेमो ट्रस्टच्या हॉलमध्ये, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी तिथूनच नेटवर्कने सर्व्हरवर ड्रायव्हर बसवेन, ट्रस्टींच्या डोळ्यांदेखत. नाट्य हवंच. मॅडम म्हणाल्या, आज बसवून बघूया का? मी म्हटलं, आत्मविश्वास ठेवा.

पक्कडभाऊ मावशींना काहीतरी समजावत होते. परत निळं आलं की दाबा कुठलंही बटण, जाऊ देऊ नका. मी लक्ष दिलं नाही.

२० जून, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते. नंतर कुणी फिरवून सांगायला नको.

अकरा वाजता हॉल. पाच ट्रस्टी, मॅडम, मी. अकरावी पद्धत चालवली. पानभर सूचना. एंटर. सूचनेनंतर तो दर वेळी एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगतो, कमीत कमी आठ अक्षरं, जास्तीत जास्त सोळा. तो कशासाठी हे मी कधी बघितलं नव्हतं, कारण पुन्हा कधी कुणी विचारला नव्हता. त्यामुळे मनात येईल ते टाकत असे. आजही टाकलं. रिस्टार्ट.

मशीन परत आलंच नाही. एक मिनिट. पाच मिनिटं. मोठ्या पडद्यावर 'संपर्क होत नाही'. वयस्कर ट्रस्टींनी विचारलं की हाच डेमो आहे का. मॅडमनी ऑफिसला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

मावशींनी उचलला. म्हणाल्या, मॅडम, निळं आलं, मी या खेपेला बटण दाबलं. आता गेलं नाही, थांबलंय. लिहिलंय की नवीन सही ओळखीची करून घ्यायची का. मी हो केलं. आता पासवर्ड मागतंय.

म्हणजे दर रिस्टार्टला मशीन दहा सेकंद थांबून विचारत होतं की या ड्रायव्हरवरची सही ओळखीची मानू का. अकरा वेळा विचारलं. मी दहा वेळा दुसऱ्या खोलीत होते, आणि अकराव्यांदा शहराच्या दुसऱ्या टोकाला.

मी म्हटलं, पक्कडभाऊंना द्या. ते म्हणे वर गच्चीवर टाकीपाशी. मी म्हटलं, मीच येते. मॅडम म्हणाल्या, येऊन-जाऊन दोन तास जातील, सांगून टाक, गुप्त काय त्यात.

मी एकेक इंग्रजी अक्षर सांगू लागले. पलीकडून टक्. टक्. टक्. मला वाटलं, अक्षरं सुटी सांगितली की कळणार नाही. पण गेली नऊ वर्षं ही बाई इंग्रजी अक्षरांत मराठी नावंच टाइप करते आहे. आठव्या अक्षराला त्या म्हणाल्या, मावशीला. मी थांबले. त्या म्हणाल्या, सांगा ना ताई, मावशीला काय?

मी म्हटलं, के. ए. वाय. टक्, टक्, टक्.

त्या म्हणाल्या, मावशीला काय.

उरलेली पाच अक्षरं मी फार हळू सांगितली. वयस्कर ट्रस्टी पुढे झुकून ऐकत होते. शेवटचं टक् झालं. मग फोनमधून अगदी शांत आवाज आला: मावशीला काय कळतं. पुढे प्रश्नचिन्ह आहे का, ताई?

मी म्हटलं, नाही.

त्या म्हणाल्या, बरं. आणि एंटर दाबलं.

मशीन आलं. ड्रायव्हर सापडला. चारशे फोटो चार मिनिटांत. ट्रस्टींनी टाळ्या वाजवल्या, त्या फोनकडे बघून.

तांत्रिकदृष्ट्या अकरावी पद्धत यशस्वी झाली, हे नोंदवून ठेवते. पासवर्डही सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम होता. पूर्ण सोळा अक्षरं.

२१ जून, शुक्रवार

तब्येत बरी नाही. गेले नाही.

बाबांनी विचारलं, काय बिघडलं होतं? मी म्हटलं, कर्नलच्या फार खोल पातळीवरचा दोष. ते म्हणाले, म्हणजे शेवटी समोर जाऊन बघितलं कुणीतरी.

२४ जून, सोमवार

मॅडमनी बोलावून पत्र दिलं. जागा कायम! पूर्ण वाचलं. (हल्ली वाचते.) दुसरा परिच्छेद असा: 'आपण आजपासून आतल्या खोलीत, मशीनसमोर बसून, मावशींच्या देखरेखीखाली काम कराल.'

'देखरेखीखाली' ही उघडच टायपिंगची चूक आहे. 'शेजारी' असं हवं. ऑफिसची पत्रं मावशीच टाइप करतात, दोन बोटांनी, चुका होणारच. त्यांना दाखवायला आत गेले. त्यासाठी तीन वाक्यं तयार केली होती, पैकी दोन माफीची होती.

मावशींनी चष्मा लावून पत्र नीट बघितलं. म्हणाल्या, चूक नाही ताई, मॅडमनी दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. मग खुर्ची पुढे सरकवली. मी बसले. माफीची वाक्यं तोंडात होती, पण त्यांनी पेन हातात दिलं.

सही कुठे करायची, ते त्यांनी कागदावर बोट ठेवून दाखवलं.