रेडिएटरच्या नळीवरची क्लिप

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा जुन्या गाड्यांची इंजिने दुरुस्त करणे (गुडघ्यांमुळे बंद), राहणार स्वतःच्या गॅरेजच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शरीराचे काही खरे नाही, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पुतण्याने आणून पाहिले, त्याचा समाचार पुढे घेतला आहे. याआधीची माझी चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हे त्या मानाने शांतपणे लिहीत आहे.

कलम १. राहते घर, गॅरेजसह, मी पुतण्याच्या बायकोला देत आहे. पुतण्याला नाही. सूनबाई दर गुरुवारी येऊन माझ्या गोळ्या डबीत लावून ठेवते आणि गॅरेजमधल्या कशालाही हात लावत नाही. एवढी अक्कल आमच्या घराण्यात बाहेरूनच आणावी लागते. पुतण्याने तिच्या परवानगीने इथे राहावे.

कलम २. इंची पान्यांचे तिन्ही संच मला जुने भाग घडवून देणाऱ्या लेथवाल्याला द्यावेत. मिलिमीटरचे पाने पुतण्याला. कारण त्याने माझ्या गाडीच्या अर्ध्या इंचाच्या नटावर तेरा मिलिमीटरचा पाना चालवला. "काका, बसतोय की!" म्हणाला. बसला, फिरला, आणि नटाचे सहाही कोपरे गेले. त्या सालचा, माथ्यावर तोच शिक्का असलेला नट शोधायला मला सात महिने लागले. मी आजारी पडल्यावर हाच पठ्ठ्या म्हणतो, "काका, गाडी माझ्या नावावर करा, मी इंजिन क्रोम करून घेतो, आत निळे दिवे लावतो." मला दम लागला होता म्हणून वाचला.

कलम ३. बँकेत जे काही उरेल ते बहिऱ्या पेंटरला द्यावे. इंजिनाचा हिरवा रंग त्याने अकरा वेळा घोटून जुळवला. "चमकायला नको, तर मग रंग देताच कशाला?" असे त्याने एकदाच विचारले. मी समजावले, त्याला पटले, विषय संपला. शिकलेल्यांना हे चाळीस वर्षे पटत नाही.

कलम ४. गाडी. ब्रिटिश बनावटीची, दोन आसनी, उघड्या टपाची, सन १९६२. बाबांनी ती पहिल्या मालकाकडून घेतली तेव्हा जेमतेम आठ महिन्यांची होती. बाबांनंतर ती पंधरा वर्षे ताडपत्रीखाली कुजली. मग मी नऊ वर्षे खपून तिला परत त्या सालात नेऊन ठेवली.

बॉनेट उघडून "वा, काय चकाचक!" म्हणणाऱ्यांची मला कीव येते. अरे, कारखान्यातून निघाली तेव्हा ती चकाचक नव्हतीच! इंजिनावर रंग फवारणाऱ्याचे लक्ष सुटीच्या भोंग्याकडे असे, म्हणून तो रंग डायनॅमोच्या पट्टीवरही उडालेला होता. मीही तो तसाच उडवला आहे. वायरींवर कापसाच्या दोऱ्याचे विणलेले कवच आहे. स्क्रू सगळे एका खाचेचे. बॅटरी काळी, वरून डांबर ओतलेली. प्लास्टिकचा एक बंद दाखवा आणि माझे नाव बदला.

ही गाडी मी क्लबच्या प्रदर्शनात नेली. परीक्षक कोण, तर आमचे मेहुणेबुवा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. पेशाने भूगोलाचे मास्तर. हात कधी काळे झालेले नाहीत, पण हातात भिंग. पाऊण तास बॉनेटखाली डोके घालून त्यांनी मला शंभरांपैकी साडेनव्व्याण्णव दिले. अर्धा गुण कापला तो रेडिएटरच्या वरच्या नळीवरच्या क्लिपसाठी. मी तारेची क्लिप लावली होती. "पट्टीची हवी," म्हणाले.

मी सुट्या भागांचे छापील पुस्तक त्यांच्या नाकासमोर धरले. चित्रात तारेचीच क्लिप. ते शांतपणे म्हणाले, "पुस्तक पुढच्या वर्षीच्या छपाईचं आहे. तुझी गाडी त्याआधीच बाहेर पडलेली."

त्या शांतपणाने माझे टाळके सरकले. चाळीस माणसांसमोर मी म्हणालो, "ज्याला नकाशाशिवाय स्वतःचं घर सापडत नाही त्याने मला क्लिप शिकवू नये! आजपासून तुमच्या घरचं पाणी मला वर्ज्य."

ताई माझा जेवणाचा डबा घेऊन शेजारीच उभी होती. "अरे, एका क्लिपसाठी?" म्हणाली. "क्लिपसाठी नाही, खऱ्यासाठी," मी म्हणालो. वाक्य मला फार आवडले होते.

याला चौदा वर्षे झाली. ताई तीनदा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी गाडीखाली होतो, आणि मुद्दामच बाहेर आलो नाही. ती स्टुलावर बसून माझ्या पायांशी बोलत राहिली. "बूट झिजलेत रे तुझे." मी म्हणालो, "हं." तासाभराने उठून गेली. आठवड्याने नवे बूट आले, बरोबर मापाचे. मी ते परत पाठवले. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी हाताची बोटे मोजून माझे उरलेले महिने सांगितले. गाडीचे कागद एका जागी करावेत म्हणून बाबांची ट्रंक काढली. तळाशी एक फोटो मिळाला, गाडी घरी आली त्या दिवशीचा. बॉनेट उघडे, मी चाकापाशी उकिडवा, आणि सतरा वर्षांची ताई गाडीवर कोपर टेकून खदखदून हसते आहे. कोपरामागे रेडिएटरची वरची नळी. मी भिंग लावले. पट्टीची क्लिप.

मेहुणेबुवा बरोबर होते. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. नऊ वर्षे मी परमुलखांत पत्रे धाडत होतो, पुस्तके मागवत होतो, आणि पुरावा माझ्याच खाटेखाली. काखेत कळसा नि गावाला वळसा. दुसऱ्या कोणी असे केले असते तर मी त्याला गॅरेजच्या पायरीवर उभे केले नसते.

तर गाडी मी ताईला देत आहे. तिची देखभाल मेहुणेबुवांनी करावी. मला तो माणूस आजही आवडत नाही. बरोबर असूनही चौदा वर्षे एकदाही "सांगितलं नव्हतं?" म्हणाला नाही, हे तर मुळीच आवडत नाही. पण बॉनेटखाली काय असायला हवे ते कळणारा आता तो एकच उरला आहे.

कलम ५. योग्य क्लिप मी मिळवली आहे. बाकाच्या डाव्या खणात, तेलकट कागदात आहे. ती मी बसवलेली नाही. बसवली असती तर चूक माझी होती हे कुणाला कळलेच नसते, आणि मी मेल्यावरही जिंकलो असतो.

याची एक प्रत आजच सूनबाईबरोबर ताईकडे पाठवत आहे. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात." वाचोत बापडे. मला उत्तर जिवंतपणी हवे आहे.

ताई, ये. माझे चुकले. यजमानांना घेऊन ये. क्लिप त्यांनीच बसवायची. नळी आत आहे, तिथे उजेड पोहोचत नाही. उभ्या जन्मात मी कुणासाठी टॉर्च धरलेला नाही. सगळ्यांना धरायला लावला, आणि हलला म्हणून शिव्या घातल्या. हात आता माझेच थरथरतात. मेहुणेबुवांना म्हणावे, काय बोलायचे ते बोला. टॉर्च मी धरतो.

हे सारे मी स्वतः लिहिले, वकीलबाईंनी फक्त शुद्धलेखन तपासले. अंमलबजावणी त्याच करतील. ज्यांना घर, गाडी वा पैसे मिळणार त्यांची साक्ष चालत नाही, म्हणून खालील दोघांनी माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत सह्या केल्या आहेत.

लिहून देणार: (सही, थोडी हललेली)

साक्षीदार पहिले: शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरे: वकीलबाईंचे कारकून (सही)

ठिकाण: गॅरेज, गाडीच्या उजव्या बाजूला
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२१