घरात कोणाला झालंय का

१२ जानेवारी, उदगीर
उठल्या उठल्या सगळ्यांची विचारपूस. लेकाचा, मिलिंदचा, घसा सुटला, आवाज अजून फाटका. सूनबाईची कंबर बरी. "आई, रोज विचारू नका, विचारलं की दुखायला लागते," म्हणाली. मग फोन. मुदखेडला धाकटा भाऊ बापू, त्याची साखर ताब्यात आहे म्हणतो. कोण कोणाच्या ताब्यात ते शांतालाच ठाऊक. भावजय शांता, तिचे गुडघे तसेच. शेवटी नांदेडला वैशाली, बापूची लेक. "बरी आहे आत्या." एवढंच. ही पोर एवढंच कधी बोलत नाही.

१३ जाने.
वैशालीला परत फोन लावला. आठवडा झाला, छातीची डावी बाजू लाल, गरम, सुजलेली. शांतानं मुदखेडहून येऊन हळदीचा लेप घातला. मी म्हटलं लेप धू आणि दवाखाना गाठ. दूध पाजणाऱ्या बाईची छाती अशी सुजते, हिची धाकटी दहावीला आहे.
गेली. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, झाकून न ठेवता आलात हे बरं केलं. लेकीनं ऐकलं. माझं म्हातारीचं कोण ऐकतं हल्ली.

१९ जाने.
गोळ्यांनी लाली उतरली. अजून थोडं दुखतं. सूज पुरती गेली की छातीचा फोटो काढायचा आहे, मॅमोग्राफी म्हणतात तो. मशीनमध्ये दाबतात, सुजेवर सोसत नाही.
आज तुरीची रास आली घरी. निवडणं, पाखडणं, डोक्याला विचार करायला सवड नाही. बरंच झालं.

२८ जाने.
फोटो झाला. गाठ दिसत नाही. पाणी प्यायले घटाघटा.
पण पुढं आहे. वैशाली सांगून राहिली, "आत्या, मांस दाट आहे म्हणे माझं. फोटो सगळा पांढरा येतो, आणि गाठ असली तर तीपण पांढरीच दिसते." समजलं मला. तुरीच्या डाळीत पांढरा खडा लांबून दिसतो, तांदळात दाताखाली आल्यावर कळतो. दाट असणं म्हणजे आजार नव्हे, कितीतरी बायांचं असतं, हातानं चाचपून कळत नाही. फक्त धोका जरा जास्त, आणि शोधायला कठीण.
मग म्हणाली, "मॅडमनी विचारलं, घरात कोणाला झालंय का. आई म्हणाली, न्हाई, कोणालाच न्हाई."
"मग मी कोण गं?"
ती हळूच म्हणाली, "आत्या, तू उदगीरची ना."
हसले मी. एक्केचाळिसाव्या वर्षी कॅन्सरपायी लातूरला डावी छाती काढली माझी. बापू दाराबाहेर बसून होता, शांता डबा घेऊन यायची. विसरले कुठं? विसरले नाहीतच. धरलं नाही फक्त.

२९ जाने.
बापूला फोन.
"अक्का, तुला उदगीरला दिलं की. तुझं तिकडंच धरत्यात."
"बारशाला धरलंस. हिच्या कानात नाव मी सांगितलं, पाठीत धपाटे मी खाल्ले. आजाराला न्हाई व्हय धरायचं?"
"तू तर भांडायलाच लागली."
"भांडत न्हाई. डॉक्टरला सांग म्हणून राहिले."
हाव म्हणाला. पण मागून शांताचा आवाज आला आणि फोन बंद.

३१ जाने.
शांताचाच फोन आला. रडवेली. "वन्सं, तुमचं काय लपवायचंय का मला? पण एकदा कागदावर आलं की उद्या नातीच्या सोयरिकीत कोणी उकरून काढील."
मी म्हटलं, "शांते, सोयरिकीला पोरीची आई लागती की न्हाई मांडवात?"
फोन कोणीच ठेवला नाही. शेवटी तीच म्हणाली, "या मग नांदेडला. मी बी येते, माझ्या तोंडानं सांगते."
शांता माणूस म्हणून सोनं आहे. भ्यायची ती नातीपायी, आणि लेकीपायी भीती गिळली तिनं.

४ फेब्रुवारी, नांदेड
कालच एसटीनं आले. अर्ध्या तिकिटात बसायला खिडकी, उपकार मानावेत तेवढे थोडे.
मॅडम वयानं माझ्या नातीएवढ्या. शांता आधी बोलली, "मागल्या वेळी चुकलं मॅडम. ह्या माझ्या वन्सं. ह्यांना झालतं." लाज नाही, अडखळणं नाही.
मॅडमनी कागदावर माणसं काढली. बायांना गोल, बाप्यांना चौकोन. बापूचा चौकोन काढला, त्याच्या शेजारी रेघ ओढून माझा गोल. म्हणाल्या, बापाकडूनही येतं, फक्त आईकडून नाही. आणि माझं वय कमी होतं तेव्हाचं, तेही महत्त्वाचं. पन्नास वर्षं मी ह्या घराबाहेर नांदले, आणि एका रेघेनं आत आले.
आता वैशालीला नुसता फोटो पुरायचा नाही. सोनोग्राफी लगेच. घराण्यातून उतरलंय का ते बघायला रक्ताची एक तपासणी आधी माझी करू, मग लागली तर तिची. लागेल तेवढं रक्त घ्या म्हटलं. परिचारिका हसली.

५ फेब्रु.
सोनोग्राफीत बारीकसं काही दिसलं. फोटोत नव्हतं दिसलं. सुजेचं मागं राहिलेलं असू शकतं, नसूही शकतं. सुई घालून तुकडा घेतला. वैशालीनं माझा हात इतका आवळला, बांगडी रुतली.
बाहेर खिडकीवर विचारलं, रिपोर्टसाठी दुसरा नंबर कोणाचा? वाटलं जावयाचा देईल. तिनं माझा सांगितला. पाठ म्हणून दाखवला, न बघता.

८ फेब्रु., उदगीर
परत आले. जेवण जात नाही म्हणावं तर जातं. विहारात बसून आले. मागायला काही सुचेना. सूज आली म्हणून ती दवाखान्यात गेली, नाहीतर कधी गेली असती? त्या लालीचे पण आभार मानून आले.

१२ फेब्रु.
रिपोर्ट आज येणार. दुपार टळली. दवाखान्याचा फोन नाही, तिचा नाही. वाट बघणारीला सारखं विचारलं की कसं होतं ते मला माहीत, म्हणून मी लावला नाही. मिलिंद दोनदा येऊन फोनकडं बघून गेला.
शेवटी एका बोटानं टाईप केलं, पाठवलं:
वैशू, जे असेल ते असेल. बरं असलं तर मी येते, नसलं तर मुक्कामाला येते, पिशवी भरूनच ठेवली आहे. लवकर कळव.