डाव्या पायाचे काम

नागपूर,
भाद्रपद शुद्ध त्रयोदशी

प्रिय वैदेही,

तुला आणि तुझ्या घरच्यांना शुभाशीर्वाद. हे सारे फोनवर बोलता आले असते. पण तुझी आई फोनचा आवाज मोठा करून तो ओट्यावर ठेवते, आणि मग बाप-लेकीचे बोलणे कुकरच्या शिट्टीसह घरभर होते. म्हणून पत्र. ते सध्या तुझ्यापाशीच राहू दे.

गाडीचा प्रश्न सुटलेला नाही, आणि माझा संयम सुटत चालला आहे. माघ पौर्णिमेला देवीच्या टेकडीच्या चढावर जुन्या जीपच्या क्लचने दगा दिला, चैत्रात ती भंगारात गेली, आणि माघापासून सहा पौर्णिमा देवीपुढे माझा पाठ झाला नाही. एकतीस वर्षांत असे घडले नव्हते. सुतक असेल तेव्हासुद्धा मी नाल्याच्या अलीकडे उभा राहून हात जोडून आलो आहे. भाड्याची गाडी करून पाहिली. कोराडीपर्यंत तो चालक गाणी म्हणत होता, कोळशाच्या ट्रकांमागे राखेत खोकत खोकत पारशिवनीही त्याने ओलांडली, नाला पाहिल्यावर मात्र म्हणाला, "बाबूजी, ही गाडी आहे, रणगाडा नोहे." पुढचे तीन किलोमीटर गोटे आणि चढ. पूर्वी मी ते अनवाणी चढून जात असे. आता काही कारणाने जमत नाही.

तेव्हा चारही चाकांना जोर देणारी गाडी घ्यायची, एवढे ठरले. पण ती मॅन्युअल घ्यायची की ऑटोमॅटिक, यावर या घरात जो शास्त्रार्थ चालला आहे, तसा मी विद्वत्सभेतही पाहिला नाही. प्रत्येकाला मत आहे. गाडी कोणालाच नाही. तू पाठवलेली दोन रकान्यांची यादी मी तीनदा वाचली. गोट्यांवर ऑटोमॅटिक बंद पडत नाही, चढावर मागे सरकत नाही, दोन्ही हात चक्रावर राहतात, हे सारे तू नेटकेपणाने मांडले आहेस. मान्य. पण त्या टेकडीचा उतार तू विसरलीस. तिथे गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून इंजिनच्या भरवशावर सोडावी लागते. ब्रेकवर पाय ठेवून बसणारा माणूस खालच्या मोहाच्या झाडाला जाऊन भेटतो. बॅटरी बसली तर मॅन्युअल गाडी चार माणसे ढकलून सुरू करतात. ऑटोमॅटिक ढकलून पुण्यही मिळत नाही. टेकडीवरच्या रुपरावाला विचारले, तर तो म्हणाला, "गुरुजी, ट्रॅक्टरले कुठं असते ऑटोमॅटिक? पण तुमचं वय पाहून सांगतो, तेच घ्या गा." माझे वय त्याला कोणी विचारले होते?

मागच्या गुरुवारी आम्ही दोघे शोरूमला गेलो. तिथला पियूष नावाचा मुलगा विनयशील आहे, पण त्याच्या विनयात माझ्याविषयीची कीव मिसळलेली मला स्पष्ट ऐकू येत होती. "काकाजी, ऑटोमॅटिकच घेऊन घ्या. आजकाल क्लच कोण दाबून राहिलं? डावा पाय एकदम आरामात." डावा पाय! मग माझ्याने राहवले नाही. मी त्याला उभ्या उभ्या रथाचे रूपक सांगितले: देह हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, आणि ज्याने लगाम दुसऱ्याच्या स्वाधीन केला, तो कसला रथी? पियूषने खाली मान घालून ऐकले आणि "काकाजी, चहा सांगू का?" असे विचारले. शोरूममधली इतर गिऱ्हाइके गाड्या सोडून मला पाहत होती.

परतताना ऑटोरिक्षात तुझी आई बाहेर पाहत म्हणाली, "अहो, पण तुमच्याच प्रवचनात रथी मागे बसतो. लगाम सारथ्याच्या हातात असतो. चाळीस वर्षं ऐकतेय मी." चाळीस वर्षे मी लोकांना जे समजावून सांगितले, ते भर बाजारात उलटे बोलून आलो होतो, आणि ते पुढच्या रांगेत बसून टिपणे घेणाऱ्या कोणाच्या नव्हे, प्रसादाचा शिरा ढवळता ढवळता ऐकणाऱ्या बाईच्या ध्यानात आले.

परंतु त्या दिवशीची खरी गोष्ट ही नव्हे. मी पियूषला रथ समजावत असताना तुझ्या आईने त्या ऑटोमॅटिक गाडीचे दार उघडले होते. "मी बसून पाहू का?" असे तिने विचारले, मला नाही, पियूषला. आणि ती चक्रापुढे जाऊन बसली. दोन्ही हात चक्रावर ठेवले, आरसा स्वतःकडे वळवून घेतला. आरसा, वैदेही. नुसती हौस म्हणून बसणारा माणूस आरशाला हात लावत नाही. आणि मी सर्वांदेखत म्हणालो, "उतर आता. ते काही देवघरातलं आसन नाही." ती उतरली. पियूषने मान फिरवली.

तुला आता काय आठवले असेल, ते मला कळते. तू नऊ वर्षांची होतीस. वनखात्याच्या लिलावातून जीप नुकतीच आणली होती, आणि रविवारी हिंगण्याच्या कारखान्यांमधले रस्ते ओस असतात म्हणून मी तुझ्या आईला शिकवायला तिकडे नेले होते. तू मागच्या आसनावर पेरू खात होतीस. चार वेळा तिच्या हातून जीप बंद पडली. पाचव्या वेळी मागून पाळी सुटलेल्या कामगारांची बस आली, तिने भोंगा वाजवला, खिडक्यांतून कोणी हसले, आणि मी ओरडलो, "उतर खाली! हे तुझं काम नव्हे." ती जीपच्या पुढून वळसा घालून डावीकडे येऊन बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला." तू पेरू खायचे थांबलीस. तो अर्धा पेरू आठवडाभर मागच्या आसनाखाली पडून होता. वास आल्यावर मीच काढून टाकला. तिने पुन्हा कधी चक्राला हात लावला नाही, आणि मी ते तिच्या भित्रेपणाच्या खाती टाकून मोकळा झालो.

आता खरे ते लिहितो. जीपचा क्लच निर्दोष होता. जरीपटक्याच्या ज्या मेकॅनिकला ती दाखवली, त्याने क्लचची प्लेट काढून माझ्यापुढे ठेवली होती: "गुरुजी, प्लेट तं एकदम चांगली आहे. काहून बदलून राहिले?" मी त्याला गप्प केले आणि जीप भंगारात घातली, म्हणजे साक्षीदार उरणार नाही. माघात त्या चढावर माझा डावा पाय क्लचवर होता की नव्हता, हेच मला कळले नाही. पाय तिथे होता, पण त्याचे वर्तमान माझ्यापर्यंत आले नाही. इंजिन बंद पडले, जीप मागे येऊ लागली, मागे नाला. मी नुसता चक्र धरून बसलो होतो. तुझ्या आईने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. रुपराव धावत आला आणि म्हणाला, "देवीनंच धरली गा गाडी, गुरुजी! नाई तं आज काई खरं नव्हतं." मी देवीची खणानारळाने ओटी भरली. जिने गाडी धरली, ती ओटीचे ताट हातात घेऊन माझ्या शेजारी उभी होती. तिला मी एक शब्द बोललो नाही.

तिला मात्र सारे आधीपासून ठाऊक होते. पौष पौर्णिमेला टेकडीवरून परतल्यावर मी देवघरात गेलो, तर पांढऱ्या फरशीवर माझ्यामागे रक्ताचे ठिपके उमटत आले होते. टाचेत बाभळीचा काटा बोटभर रुतलेला, आणि मला त्याचा पत्ता नाही. वीस वर्षांच्या मधुमेहाने आपले काम केले आहे. तिने मला पाटावर बसवले, काटा काढला, फरशी पुसली. मला वाटत होते की ऑटोमॅटिकचा तिचा हट्ट माझ्या पायावर दया म्हणून आहे, आणि त्या दयेचाच मला संताप येत होता. शोरूममधला तो आरसा पाहिल्यावर कळले की यात दया नव्हतीच. मी जे काम करू शकत नाही, ते ती करायला निघाली होती. मागायला मात्र धजत नव्हती, कारण दोनदा मी तिला चक्रापुढून उतरवले होते.

परवापासून पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात मी नवी वस्तू ठरवत नाही, हे पियूषलाही आता पाठ झाले आहे. म्हणून आज सकाळी त्याला फोन केला. ऑटोमॅटिक, तुझ्या आईच्या, चारुशीलेच्या नावाने, दसऱ्याला घरी. माझे मत बदललेले नाही, हे नीट समजून घे. त्या उतारावर हातच्या गिअरला आजही तोड नाही. मत माझे आहे. पाय माझा राहिलेला नाही. तिला अजून सांगितलेले नाही, कारण माझ्या तोंडून ऐकले तर ती "कशाला उगीच" म्हणेल आणि पुन्हा वळसा घालून डावीकडे जाऊन बसेल. म्हणून हे पत्र. दसऱ्याला ये, आठ दिवस राहा, किल्ली तिच्या हातात तू दे आणि तिला तू शिकव. मी शिकवले तर काय होते, ते आपण तिघांनीही पाहिले आहे. शिकाऊ परवान्यानंतर पक्का परवाना मिळायला महिना लागतो, म्हणजे कोजागरी हुकेल, कार्तिकीचीही खात्री नाही. मार्गशीर्ष पौर्णिमा साधेल. हिंगण्याचे रस्ते रविवारी आजही ओस असतात. तू पुढे तिच्या शेजारी बस. मी मागे बसेन, तू बसली होतीस तिथेच. एक शब्द बोलणार नाही. बोललोच, तर गाडी थांबवून मला उतरवा आणि पुढे निघा. बंद मात्र पडू देऊ नका.

तुझाच,
बाबा

ता. क. येताना पेरू आणू नकोस. मी आणून ठेवीन.