मयताच्या पाण्यात घड्याळ नेत नाहीत

आबा, गेल्या गुरुवारी सकाळी देव पुसायला बसलो आणि देव्हाऱ्याखालच्या खणातून टिकटिक ऐकू आली. उघडून बघतो, तर तुमचं घड्याळ चालत होतं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि हे हातात नसलं की दीड-दोन दिवसांत थांबतं. वेळही बरोबर होती. काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची खूण मिनिटकाट्याशी नेमकी जुळलेली होती, जणू कुणी आत्ताच पाण्यात उतरलंय. असं पूर्वीही दोन-तीनदा दिसलं होतं. आई हलवत असेल म्हणायचो आणि खण लावून टाकायचो.

उर्से टोलनाक्याजवळच्या कारखान्यात कामाला लागल्यावर मी लोणावळ्यातून ते तुमच्यासाठी आणलं होतं. पाणबुड्यांचं, ऑटोमॅटिक, पण आपल्या ऐपतीतलं.

"सेल न्हाई म्हनतोस, मग चालतंय कशावर?"

"तुमच्या हाताच्या हालण्यावर, आबा."

"म्हंजी मी बसलो की हे बी बसनार? बैलापरीस लाडाचं हाय की!"

दिवसाला दहा-बारा सेकंद पुढे पळतं, काचेला कडेशी चरे पडले आहेत. पण अंधारात काटे अजून हिरवे उजळतात, आणि कडं एकाच बाजूला, उलटंच फिरतं. चुकून धक्का लागलाच, तर पाण्यातला माणूस उशिरा नव्हे, लवकर वर यावा म्हणून. करणाऱ्याने सगळ्या चुका धरल्या होत्या, माझी सोडून.

भुशी धरणात किंवा इंदुरीच्या डोहात कुणी बुडालं की मयत काढायला बोलावणं तुम्हालाच यायचं. उतरताना घड्याळ माझ्या हातात द्यायचात. "मयताच्या पान्यात घड्याळ नेत न्हाईत. त्याची येळ आन् आपली येळ एक व्हऊन जाती." मी कडं फिरवून खूण मिनिटकाट्यावर आणायची, दोन मिनिटं झाली की तुमच्या कमरेचा दोर ओढायचा. त्या शेवटच्या दिवशी इंदुरीच्या डोहाच्या काठावर बुडालेल्याची बहीण हंबरडा फोडत होती. मी तिच्याकडेच बघत राहिलो आणि कडं फिरवायचं राहिलं. अंदाजाने ओढला, तेव्हा दोर जड लागला. आईला मात्र सांगितलं, दोन मिनिटं होताच ओढला.

गुरुवारी घड्याळ घेऊन तिच्यापुढे बसलो. ती तांदूळ निवडत होती.

"आई, हे तू हलवतेस ना?"

"मी कशाला? मला वाटलं तूच हलवतुयास, बापाच्या आठवनीनं."

मग मी सगळं सांगितलं. तिने एक खडा वेचून बाजूला टाकला.

"घाल हातात. आजून किती दीस त्यांनाच हलवाया लावशील?"

घातलं. आज सकाळी डोहावर गेलो. काठावर उभं राहून कडं फिरवलं, खूण काट्याशी आणली. हे पत्र आता त्या रिकाम्या खणात ठेवतोय, म्हणून खरं तेच लिहितो. दोन मिनिटं पुरी मोजली, आबा. पण ती भरली, तेव्हा पाण्याकडे बघायचा धीर मला झाला नाही.