मी ‘माझं!’ ओरडले त्याची हकीकत

सुमियाती मावशीला तितिकचा सलाम. दार्मो काकांना सलाम, धाकट्यांना पापा, आणि अंगणातल्या हंसांना काही नाही (मी पाच वर्षांची असताना त्यांनी मला कुठे चावलं ते मी विसरलेली नाही). तुझा खोकला कसा आहे? बॅडमिंटनच्या फुलांची पिसं धुताना तोंडाला फडकं बांधतेस की नुसतंच गळ्यात घालून मिरवतेस?

आधी माफी मागते. शुद्धलेखन चुकणार, कारण शाळा सातवीत सुटली. आणि टाइप फार हळू होतंय, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि डाव्या हाताचं एकच बोट कामाचं आहे. एक अक्षर सापडेपर्यंत पुढचं काय लिहायचं ते विसरायला होतं. हा कॉम्प्युटर आमच्या होस्टेलचे वॉचमन सलामेत काका, त्यांचा आहे. दुपारी सगळ्या मुली झोपतात तेव्हा ते मला इथे बसू देतात, फक्त त्यांचा पत्त्यांचा डाव बंद करायचा नाही ही अट. फोनवरून लिहिलं असतं, पण युनिके माझा फोन तिचाच असल्यासारखा उघडते, आणि हे तिने वाचायचं नाहीये. म्हणून कागदावर छापून तुमच्या तेगलच्या बसड्रायव्हरकडे देतेय. पावती मागू नकोस, तो चिडतो.

हाताचं ऐकलंच असशील. काळजी करू नकोस. सहा आठवडे, मग प्लास्टर निघेल, मग मी पहिल्यासारखी. पण कसं झालं ते तुला कोणीतरी तिखटमीठ लावून सांगेल, त्याआधी मीच सांगते.

तुला माहीतच आहे, मी तीन वर्षं युनिकेबरोबर बॅडमिंटनचं डबल्स खेळते. (युनिके म्हणजे ती मानाडोची उंच मुलगी. मागच्या ईदला आली होती आणि तुझं अख्खं मिरचीचं सांबाल चमच्याने खाऊन वर ‘मावशी, हे गोड आहे का?’ असं विचारलं होतं ती.) डबल्समध्ये फूल दोघींच्या मधोमध आलं की एकीने ‘माझं!’ म्हणून ओरडायचं असतं. मग दुसरी बाजूला होते. एवढं साधं आहे. पण माझा आवाजच निघत नाही. घरीसुद्धा भात हवा असला की मी ताट पुढे सरकवायचे, आठवतं ना? कोर्टवर तर शेकडो डोळे असतात. पहिल्या वर्षी आमची मधली फुलं कोणाचीच नव्हती. ती खाली पडायची आणि आम्ही दोघी उभ्या राहून त्यांच्याकडे बघायचो, अंत्ययात्रेला आल्यासारख्या.

आमच्या हार्तिनी बाईंनी (कोच आहेत, गुडघे दोन्ही गेलेत, जिभेला काही झालेलं नाही) सगळे उपाय केले. रोज सकाळी मला मैदानाच्या टोकाला उभं करून पन्नास वेळा ‘माझं!’ म्हणायला लावायच्या. समोर गाई चरायच्या. पन्नासाव्या वेळीसुद्धा एकाही गाईने मान वर केली नाही. मग एकदा केळ्याच्या भज्यांची टोपली देऊन बाजारात पाठवलं, म्हणाल्या, विकून ये, ओरडल्याशिवाय कोणी घेत नाही, आपोआप घसा सुटेल. मी तीन तास टोपली धरून उभी राहिले. एका म्हातारीने दोन भजी घेतली आणि माझ्या गालावरून हात फिरवून विचारलं की बाळ जन्मापासून मुकी आहेस का. मी मान हलवली. (खोटं बोलले, पण तोंडाने नाही, म्हणून पाप कमी.) उरलेली भजी मी परत येताना खाल्ली, त्यामुळे दुपारी पायऱ्यांच्या व्यायामात जे झालं ते लिहीत नाही. बाई म्हणाल्या, ‘काय गं, तोंडात मूग भरलेत का?’ आणि युनिके मागून म्हणाली, ‘मूग नाही बाई, भजी.’

पण मावशी, उपाय युनिकेनेच काढला, कोणाला न सांगता. तिच्या लक्षात आलं की फूल माझं असेल तर मी हलायच्या आधी माझी डावी टाच उचलली जाते. मलाच माहीत नव्हतं. तिने फुलाकडे बघणं कमी केलं आणि माझ्या टाचेकडे बघायला लागली. टाच उचलली की ती बाजूला, टाच टेकलेली असली की फूल तिचं. त्यानंतर आम्ही सोळा महिन्यांत मधलं एकही फूल पाडलं नाही. समोरच्या जोड्या घसे फोडायच्या, आणि आमच्या बाजूला फक्त बुटांचा आवाज. ती मला गोगलगाय म्हणते, पण त्या गोगलगाईची टाच तिला तोंडपाठ आहे. तू सांगतेस ना, एका फुलाला सोळा पिसं लागतात आणि सोळाही एकाच बाजूच्या पंखाची, एक जरी दुसऱ्या पंखाचं शिरलं तर फूल गिरक्या खातं? आम्ही एकाच पंखाच्या होतो. (हे तिला सांगितलं असतं तर ती महिनाभर हसली असती.)

आता डिसेंबर आला. डिसेंबर म्हणजे यादी. जेवणघराच्या दारावर एक कागद लागतो, त्यावर पुढच्या वर्षी राहणाऱ्या जोड्या. नाव नसलं तर ट्रंक भरायची. कोणी रडत नाही, म्हणजे जेवून झाल्यावर रडतात, कारण त्या दिवशी कोंबडी असते. यादीतून गेलेल्या मुलींचं काय होतं ते आम्हाला पाठ आहे. एक विमा विकते. एक सकाळी श्रीमंत बायकांना खेळवते, त्यांना मुद्दाम जिंकू द्यावं लागतं, म्हणते हेच सगळ्यात अवघड. एकीने रॅकेटला तारा ओढणाऱ्याशी लग्न केलं, आता दोघं मिळून तारा ओढतात. माझं शिक्षण सातवी आणि बॅकहँड. युनिकेचं तर सहावी आणि स्मॅश, आणि तिला भातसुद्धा शिजवता येत नाही. मी तुझ्याकडे पिसं तरी निवडीन. तिच्या घरी आई एकटी, मागे तीन भाऊ, आणि चर्चमध्ये गाव तिच्या नावाने प्रार्थना करतं. ती परत गेली तर देवालासुद्धा तोंड दाखवता येणार नाही.

तर यंदा यादीच्या आधी जाकार्ताहून दोन माणसं एक जोडी निवडायला येणार होती. बाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. ‘ते लोक टाच बघायला येत नाहीयेत,’ म्हणाल्या (टाचेचं त्यांनी कधीच हेरलं होतं), ‘त्यांना आवाज हवा, दम हवा. तितिक, तू ओरडली नाहीस तर मी स्वतः तुमची जोडी मोडीन.’ मी आठवडाभर संडासात तोंडात टॉवेल कोंबून सराव केला. युनिकेला सांगितलं नाही. म्हटलं, तिला आनंदाचा धक्का देऊ.

धक्का बसला. तिसरा गेम, एकोणीस-एकोणीस. समोर वरच्या मजल्यावरच्या थोरल्या मुलींची जोडी. फूल उंच उडून बरोबर मधोमध खाली यायला लागलं, आणि मावशी, मी ओरडले. ‘माझं!’ इतकं मोठं की जाकार्ताच्या साहेबांच्या हातातला चहा सांडला. पण सगळी ताकद गळ्यात गेली गं. टाच उचलायची राहिली.

युनिकेने तीन वर्षांत कोर्टवर माझा आवाज ऐकलेला नव्हता. नंतर म्हणाली, मला वाटलं प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं. तिने माझी टाच बघितली, टाच जमिनीवर, म्हणजे फूल तिचं. तिने पूर्ण जोर लावून रॅकेट फिरवली, ती माझ्या पुढे आलेल्या हातावर. तिची चूक अजिबात नाही. टाच कधी खोटं बोलली नव्हती. फूल आमच्या दोघींच्या मध्ये अलगद येऊन बसलं, आणि माझ्या मनगटातून असा आवाज आला, तू पिसाचा देठ कापतेस ना, तसा.

मी खाली बसून होते आणि ती माझ्याजवळ गुडघे टेकून एकच वाक्य म्हणत होती, ‘तू कशाला बोललीस गं? तू कशाला बोललीस?’ सलामेत काका तेवढे चोर शिरला समजून काठी घेऊन धावत आले.

जाकार्तावाल्यांनी जाताना बाईंना सांगितलं की ती उंच मुलगी आम्हाला हवी. आता जोडीतली एकटी म्हणजे एका पायाची चप्पल, कितीही चांगली असली तरी कोण घेणार? म्हणून तिला आयुंदाबरोबर लावायचं ठरलं. (आयुंदाची जोडीदार ईदच्या सुट्टीत लग्न करून बसली, तेव्हापासून ती भिंतीशी खेळते.) आयुंदा चांगली आहे, खणखणीत ओरडते. पण युनिके हट्टाला पेटली आहे. बाईंना तोंडावर म्हणाली, ‘तितिकचं प्लास्टर निघेपर्यंत मी कोणाबरोबर उभी राहणार नाही.’ बाई म्हणाल्या, ‘यादी प्लास्टरसाठी थांबत नाही.’ पुढच्या बुधवारी यादी लागणार. तोपर्यंत ती हो म्हणाली नाही तर तिचंही नाव नसेल. ती रोज माझी वेणी घालते, मला भरवते, आंघोळीला हाताला प्लास्टिकची पिशवी बांधते, आणि म्हणते, ‘गोगलगाय, सहा आठवडेच तर आहेत.’ मला घास गिळवत नाही, पण ती भरवते जोरात, स्मॅशसारखं, गिळावंच लागतं.

काल हार्तिनी बाईंनी मला कपाट आवरायला बोलावलं. आत एक फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. बाई तरुण, गुडघे शाबूत, शेजारी एक ठेंगणी मुलगी, दोघींच्या गळ्यात पदकं. अकरा वर्षं एकत्र खेळल्या. मग वरच्यांनी जोडी मोडली आणि ती ठेंगणी न सांगता निघून गेली. बावीस वर्षं झाली, दोघी बोलत नाहीत. मी काही विचारलं नाही (मी कुठे विचारते), पण बाई आपणहून म्हणाल्या, ‘एका शब्दाने सांगितलं असतं तिने, की जा, तू खेळ, तर मी आज गुडघे तरी सुखाने चोळले असते.’ आणि फोटो परत भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी धूळ पुसली आणि आले.

तर असं सगळं आहे. बाकी ठीक. जेवण ठीक, फक्त सोयाबीनचं टेंपे रोज. काकांना म्हणावं, फुलांच्या डब्यावर माझा फोटो छापायचं एवढ्यात राहू दे.

तुझी,
तितिक

ता. क. मावशी, सहा आठवडे खोटं आहे. डॉक्टरांनी शुक्रवारी प्लास्टर कापून बघितलं आणि नवीन घातलं. सांध्यातलं हाड फुटलंय आणि वाकडं जुळतंय. म्हणाले, लिहिता येईल, भात कालवता येईल, रॅकेट नाही. मी विचारलं, हळूहळू? (बघ, विचारलं मी.) त्यांनी नाही अशी मान हलवली. हे फक्त त्यांना आणि मला माहीत आहे, आणि आता तुला. पिसं निवडायला डावा हात चालतो ना?

ता. क. २. आता खरं काम. युनिकेला फोन कर, नंबर मागे लिहिलाय. सांग, धंद्यात माणूस कमी पडलं म्हणून तूच मला कायमचं बोलावून घेतलंस, आणि तितिकचा निरोप आहे की तू आयुंदाबरोबर खेळ. हाताचं बोलू नकोस. ते कळलं तर ती जन्मभर रॅकेट जोरात फिरवणार नाही, आणि तिच्याकडे दुसरं काही नाही. ती भांडेल, म्हणेल तितिक स्वतः का सांगत नाही. तर म्हण, ती कधी बोलली आहे? पण एक कर, फोन रविवारी सकाळी नऊनंतरच कर. मी साताच्या बसने निघालेली असेन. मी समोर असले तर ती माझ्या तोंडाकडे बघणार नाही, सरळ टाचेकडे बघेल, आणि तिथे तिला सगळं कळेल.

ता. क. ३. सलामेत काकांची बकरी आत्ता जेवणघराच्या कौलांवर चढली आहे, सगळ्या मुली जाग्या होऊन खालून ओरडतायत आणि ती उतरत नाहीये.